४६ हजार किलोमीटरची म्हातारी: एका जुन्या पिकअपच्या खरेदीचं प्रकरण

मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. "गाडी बघून ठेवलीय. तू फक्त येऊन हात लावून जा." मामांच्या भाषेत 'हात लावून जा' म्हणजे ठरलंय सगळं, उद्या काही बिघडलं तर दोष वाटून घ्यायला एक माणूस हवाय. मी बारा वर्षं एका वर्कशॉपमध्ये मालवाहू गाड्यांचा सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक गाडीखरेदीत मला असं उभं केलं जातं. एरवी मी जातो, बोनेटवर थाप मारतो, जेवून परत येतो. या वेळचं मात्र लिहून ठेवतोय, कारण पिकअप घ्यायला निघालेला जो तो मला हल्ली एकच विचारतो: बीएस-६ चं, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी नियमांत बसणारं इंजिन टिकतं का?

मामांचं रान नारायणगावपासून पाच-सहा किलोमीटरवर. मुख्य पीक टोमॅटो, जोडीला काकडी आणि फ्लॉवर. हंगामात टोमॅटोच्या रोज दोन खेपा नारायणगावच्या बाजारात, आणि आठवड्यातून दोनदा शेजारच्या तीन-चार जणांचा भाजीपाला गोळा करून माळशेज घाटातून वाशीला. घरची २००९ ची पिकअप दोनदा अर्धं (हाफ) आणि एकदा पूर्ण (फुल) इंजिन खोलून दुरुस्त करून शेवटी क्रँक तुटून बसली होती. नवी घ्यायची तर रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा-अकरा लाख. मामेभावाने हिशोब मांडला: हाताशी अडीच लाख, पतसंस्थेचं कर्ज चार लाख, आणि डिसेंबर ते एप्रिल हप्ता भरायला उत्पन्न जवळपास शून्य. म्हणजे साडेसहाच्या आत, म्हणजे जुनी. सीएनजीचा विचार झाला आणि सोडला. पुढे जी डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या चाळणीची रामकहाणी येतेय ती सीएनजीला नाही, हे खरं. पण भरल्या गाडीने माळशेज उतरायचा, परतीला चढायचा आणि वर पंपावर रांगेत तास घालवायचा, हे मामांना पटणारं नव्हतं.

राहिली डिझेल, आणि तिथेच घरात दोन तट पडले. मामांचं म्हणणं, २०२० च्या आधीची बीएस-४ घ्यायची; तिला कुठलाही गावठी मेस्त्री हात लावू शकतो. मामेभावाला बीएस-६ हवी होती, कारण जुनी घेतली तर पुढे विकताना कोण विचारणार?

मामांची भीती हवेतली नव्हती. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि इंजिनाच्या मागे डीपीएफ नावाचं भांडं आलं. बाहेरून २०१९ ची आणि २०२१ ची पिकअप सारखीच दिसते. बदल सगळा सायलेन्सरच्या अंगाला. डीपीएफ ही काजळीची चाळण. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची बारीक नळकांडी, एक सोडून एक तोंड बंद केलेली. धूर भिंतीतून झिरपून पुढे जातो, काजळी अडकून राहते. साठत साठत चाळण तुंबली की ती काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते.

गाडी हायवेला भरून, एका चालीत पळत असेल तर यातलं बरंचसं काम विनासायास होतं. नसेल, तर गाडीचा कॉम्प्युटर पुढाकार घेतो. सिलिंडरमधला स्फोट होऊन गेल्यावर तो डिझेलचा जादा फवारा मारतो. हे डिझेल तिथे न जळता पुढे जातं, डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये पेटतं आणि चाळण तापवतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. वर्कशॉपमध्ये याला 'रिजन' म्हणतात.

आता ही पंधरा मिनिटं पुरी व्हायच्या आत चावी बंद केली तर? काजळी अर्धवट जळलेली राहते, पुढच्या वेळी कॉम्प्युटर पुन्हा सुरुवात करतो, पुन्हा जादा डिझेल. त्यातलं थोडं दर वेळी सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल ऑइलमध्ये गेलं तर गरम झाल्यावर बरंचसं उडून जातं. डिझेल सहजी उडत नाही, ते राहतं. ऑइल पातळ होतं आणि क्रँकची बेअरिंगं, टर्बोचा दांडा यांना जी ऑइलची साय लागते ती फाटते. म्हणजे 'डीपीएफ चोक झाला' ही तक्रार सायलेन्सरची वाटते, पण खरा मार इंजिनाच्या पोटात बसतो. बाजारात 'बीएस-६ चं इंजिन बसलं' असं जे ऐकू येतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात माझ्या अनुभवात इथे होती. इंजिन ओतणाऱ्याचा दोष त्यात थोडा. मालक रोज चार किलोमीटर जाऊन चावी काढत होता, हा मोठा.

मामांच्या बघण्याच्या रीतीबद्दल एक सांगायला हवं, कारण ती रीत वाईट नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी गाड्या धूर बघून घेतल्या. काळा धूर म्हणजे नोझल किंवा हवा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी नाहीतर कच्चं डिझेल. ऑइल भरायचं झाकण सैल करून वर ठेवायचं. ते थडथड उडायला लागलं की इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगांवरून दाब खाली निसटतोय, चला पुढे. झाकणाची परीक्षा आजही चालते. धुराची मात्र बीएस-६ मध्ये अर्धी बाद झाली, कारण काळा धूर ती चाळण गिळून टाकते. इंजिन आतून कितीही काजळी ओकत असलं तरी मागून हवा स्वच्छ. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आता गाडी खोटं बोलती म्हण की."

तीन गाड्या आणि एक चौथी

पहिली मंचरची, २०१८ ची बीएस-४, मामांनी ठरवलेली. ती लवकर निकालात निघाली. मीटरवर ८८,००० किलोमीटर; क्लचच्या पेडलचं रबर पार लोखंडापर्यंत झिजलेलं, हौद्याचे बिजागर दोनदा वेल्ड केलेले. झाकण उडालं. मामांनी स्वतःच हात झटकले.

दुसरी पुण्यातली. २०२१ ची बीएस-६, एकच मालक, मीटर ४६,८००. पार्सल पोचवण्याच्या धंद्यात होती. रंग नव्यासारखा, हौद्यात ओरखडा नाही, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा शाबूत. मागणी सहा लाख चाळीस हजार. मामेभाऊ तिच्यावर पहिल्या नजरेत भाळला होता, आणि 'गाडी बघून ठेवलीय' म्हणजे हीच, हेही एव्हाना कळलं. मंचरची मामांची वेगळी होती.

जुनी गाडी सकाळी थंड असताना बघायची, हा माझा एकमेव हट्ट. आम्ही पावणेसातला पोचलो तर बोनेट कोमट. "आत्ताच धुऊन आणली," मालक म्हणाला. धुवायला गाडी बोनेट तापेपर्यंत चालवावी लागत नाही, पण ते मी मनात ठेवलं. ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या आठ-नऊ मिलिमीटर वर. मामेभाऊ म्हणाला, "दादा, बघ ना, ऑइल फुल ठेवलंय." पट्टी त्याच्या नाकाखाली धरली. डिझेलचा वास लपत नव्हता. खिशातल्या टिपकागदावर एक थेंब सोडला; दहा मिनिटांत मधला काळा ठिपका एका जागी राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, तेलकट कडं पसरत गेलं. ही परीक्षा ढोबळ आहे. तिच्यावर मी गाडी नाकारणार नाही, पण वास, पातळी आणि कडं तिन्ही एकच सांगत असतील तर कान टवकारायला हरकत नाही.

मग मित्राकडून आणलेला स्कॅनर लावला. शेवटचं पूर्ण झालेलं रिजन ६१० किलोमीटरपूर्वी, त्यानंतर अर्धवट सुटलेल्या प्रयत्नांची रांग. वर्कशॉपमध्ये मशिन लावून केलेलं रिजन चार वेळा. मग मी जो आकडा नेहमी बघतो तो बघितला: इंजिन एकूण किती तास चाललं. ३,६१० तास.

४६,८०० भागिले ३,६१०. तेरा किलोमीटर ताशी. पार्सलची गाडी, दर गल्लीत थांबणारी, थांबल्यावर चालू ठेवलेली, नाहीतर दोनशे मीटरवर चावी काढलेली. रंग वाचला, कारण तिच्यात खोक्यांपलीकडे काही भरलंच नाही. इंजिनाला मात्र श्वास घ्यायला वेळ मिळाला नव्हता.

चौथी आधी सांगतो, कारण तिचा निकाल सोपा. चाकणजवळ एकाने बीएस-६ दाखवली, भाव चांगला, ओढ जोरदार. सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवलं. डीपीएफ जागेवर असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. माझं काजळ घातल्यासारखं निघालं. खाली वाकून बघितलं तर भांड्यावर वेल्डिंगची ताजी शिवण. मालकाने लपवलंही नाही, उलट अभिमानाने सांगितलं, "आतलं काढून टाकलंय, मॅप मारलाय. एव्हरेज बघा." असं करून देणारे गल्लोगल्ली आहेत आणि मामांना तो इलाज लगेच आवडला. पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कायद्यात न बसणारा असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून व्यवहाराची गोष्ट म्हणजे, ज्याने कॉम्प्युटरमध्ये हात घातलाय त्याने डिझेलचं प्रमाण किती वाढवून ठेवलंय हे विकत घेणाऱ्याला कोण सांगणार?

तिसरी सिन्नरची. डिसेंबर २०२० ची, मीटर १,३८,०००. हौदा एका बाजूने चेपलेला, समोरची काच तडकलेली, आत कांद्याच्या सालांचा थर. मागणी पाच पस्तीस. मामेभावाने गाडीतून उतरायलाही खळखळ केली. "दादा, दीड लाख पळालेली गाडी घ्यायची आपण?"

इथे बोनेट गार होतं. पहिल्या सेल्फला चालू झाली, हलकासा पांढरा धूर आणि मिनिटभरात साफ. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, काळं पण वासाला ऑइलच. रेडिएटरच्या डबीत कूलंट होता, गंजाचं पाणी नव्हतं. आमच्याकडे अर्ध्या गाड्या नळाच्या पाण्यावर चालतात, त्यामुळे मला याचंच कौतुक जास्त. स्कॅनरवर रिजन चारशे किलोमीटरच्या आसपास एकदा, सगळी पूर्ण. इंजिनाचे तास ३,८३०.

ते दोन आकडे मी मामेभावाच्या मोबाइलवर एकाखाली एक लिहिले. ३,६१० आणि ३,८३०. मीटरवर एक गाडी दुसरीच्या तिप्पट पळालेली. इंजिनाच्या हिशोबाने दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या जुळ्या बहिणी. एक शहरात कोंडून वाढलेली, दुसरी ताशी ३६ च्या सरासरीने नाशिक-मुंबई करत मोकळ्या रस्त्यावर. शेतकऱ्याला हे समजायला अवघड जायला नको, आपण ट्रॅक्टर तासांवरच मोजतो. पिकअप म्हटली की मात्र आपण किलोमीटरवर जातो.

खोटही सापडली. तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची दुरुस्ती, म्हणजे कॉम्प्युटर त्याला सांभाळून घ्यायला डिझेल कमी-जास्त करतो तो आकडा, बाकी तिघांपेक्षा बराच पुढे गेला होता. आज चालेल, वर्ष-दीड वर्षात खर्च काढेल. ९०,००० पर्यंतची बिलं कंपनीच्या वर्कशॉपची. त्यापुढचा हिशोब एका वहीत, तारखा आहेत पण ऑइल कुठलं घातलं याचा पत्ता नाही.

गाडीत कांद्याच्या पंचवीस गोण्या होत्याच. मालकाला म्हटलं, उतरवू नका, अशीच मोहदरी घाटात नेऊ. रिकामी पिकअप चालवून इंजिनाबद्दल काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती स्टिअरिंग बघायला ठीक. सव्वा टन वजनावर तिसऱ्या गिअरला चढताना टर्बोची शिट्टी एकसारखी, तापमानाचा काटा मध्यावर, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलचा दाब कॉम्प्युटर मागेल तितका. वर थांबून डबीत बघितलं, बुडबुडे नाहीत. हेड गॅस्केट धड असल्याची ही खात्री नव्हे, पण नसती तर घाटात बहुधा बोलली असती.

खरी अडचण आमचीच

इथवर सगळं सरळ होतं. सिन्नरची घ्या, इंजेक्टरचे पैसे कापून घ्या. परतताना आळेफाट्यावर मिसळ खाताना मात्र मला एक गोष्ट टोचायला लागली आणि ती मी बोलून दाखवली. रानातून बाजार पाच-सहा किलोमीटर. पहिल्या-दुसऱ्या गिअरचा कच्चा रस्ता, मग बाजारात रांग, रांगेत गाडी पुढे सरकवायला पंधरा वेळा चालू-बंद. म्हणजे पुण्यातली ती गाडी ज्या रोगाने म्हातारी झाली, तोच रोग आम्ही सिन्नरच्या धडधाकट गाडीला रोज दोनदा देणार. अकरा लाखांची नवी आणली असती तरी तिलाही तोच दिला असता.

या जागी मामांच्या बीएस-४ च्या हट्टाला मला मान द्यावा लागला. ज्याची गाडी फक्त रान ते बाजार एवढीच करते, त्याने धड असलेली बीएस-४ घेतली तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. आमच्याकडे वाचवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे वाशी. आठवड्यातून दोनदा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला, जाताना भरलेली गाडी, येताना घाटाचा चढ. चाळण स्वच्छ व्हायला यापेक्षा चांगली संधी नाही. अट इतकीच, की वाशी सुटता कामा नये. सुटली तर तेवढी धाव दुसरीकडे करावी लागेल.

सौदा पाच लाख दहावर ठरला. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा दिसत होता, तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीची एनओसी हातात पडेपर्यंत मामेभावाने पूर्ण पैसे सोडले नाहीत. फॉर्म २९, ३०, पासिंगची तारीख, विमा, हे सगळं एजंटाने केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं ऑइलचं आहे. मामांकडे जुन्या गाडीसाठी सवलतीत घेतलेली वीस लिटरची ऑइलची बादली पडून होती, सीएफ-४ या जुन्या दर्जाची. ती संपवायचा त्यांचा निश्चय. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, कारण काजळी जळते पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती चाळणीत करड्या भुकटीसारखी कायमची बसते. गाडीच्या पुस्तकात जो दर्जा लिहिलाय तोच डब्यावर असला पाहिजे. बादली अजून गोठ्यात आहे. ती ट्रॅक्टरला जाते असं मामा सांगतात, मी मोजलेली नाही.

पहिल्या दिवशी ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, पट्टा बदलून चौदा हजार गेले. मग मामेभावाला तीन कामं लावून दिली. दर सोमवारी पट्टी बघायची आणि पातळी वहीत लिहायची. वर चढायला लागली तर किलोमीटर न बघता ऑइल बदलायचं. पुस्तकातल्या पल्ल्याच्या निम्म्यावर ऑइल. आणि डीपीएफचा दिवा लागला तर घरी न येता आळेफाट्यापर्यंत एक चक्कर मारून यायचं. भरण्यावरही वाद झाला. १,७०० किलो भार घेणाऱ्या गाडीत कॅरेटच्या वजनासकट पाऊणशेच्या वर फार तर दोन-चार कॅरेट बसतात. हंगामात आमच्याकडे शंभर चढतात. हा वाद मी हरलो.

जून २०२५ मध्ये तिसरा इंजेक्टर गेला. साडेअठरा हजार. मामेभावाने फोन करून आधी बिल सांगितलं, मग "तू म्हणाला होतास" हेही सांगितलं. डिसेंबर ते फेब्रुवारी वाशी बंद होती तेव्हा पट्टीवर ऑइल चार मिलिमीटर चढलं होतं. वहीत दिसलं, बदललं. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे नवी गाडी स्वस्त झाली, तेव्हा मामेभावाने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाळलं, जणू अर्थमंत्र्यांनी मला आधी विचारलं होतं. इंजिन अजून उघडलेलं नाही. पुण्यातली गाडी घेतली असती तर काय झालं असतं याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि मामा अधूनमधून तो मागतात.

गेल्या हंगामात मी बाजारात त्यांच्यासोबत होतो. रांगेत उभे असताना इंजिनाचा आवाज जरा चढलेला, मागून करपल्यासारखा वास. वाटेत सुरू झालेलं रिजन संपलं नव्हतं. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ काका, बंद करा की गाडी, किती वेळ डिझेल जाळताय?" मामांचा हात चावीकडे गेला आणि थांबला. "जळू दे जरा," ते म्हणाले. मग मागे वाकून बघितलं. सायलेन्सरच्या खाली कुणीतरी टाकलेला पेंढा होता. मामांनी गाडी दोन हात पुढे घेतली आणि चालूच ठेवली.